एक खाते, अनेक टेबले

कार्यालयाचे ई-मेल खाते एक आणि ते उघडणारे संगणक चार, ही मांडणी आज सर्रास दिसते. तिच्याकडून तीन साध्या अपेक्षा असतात. आलेले पत्र कोणत्याही टेबलावरून दिसावे. एकाने ते वाचले किंवा त्याला उत्तर दिले तर बाकीच्यांना कळावे. आणि एका टेबलावरून गेलेले उत्तर दुसऱ्या टेबलावरही सापडावे. यातली पहिली अपेक्षा ई-मेलच्या जन्मापासून पूर्ण होत होती. मधल्या काळात ती हातची गेली, आणि ती परत मिळवताना उरलेल्या दोन अपेक्षांचे प्रश्न ठळकपणे पुढे आले. पत्र कुठे ठेवायचे याचे उत्तर तुलनेने लवकर सापडले. ‘वाचले’ ही खूण कुठे ठेवायची आणि ती कोणाची मानायची, हे ठरायला मात्र कितीतरी जास्त वर्षे लागली.

१९६०च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे एमआयटी येथे सीटीएसएस नावाची प्रणाली चालत असे. एक मोठा संगणक आणि त्याला जोडलेली अनेक टर्मिनल. जिथे जागा मोकळी मिळेल तिथे बसून आपल्या नावाने लॉगिन करायचे. कोणाला निरोप द्यायचा झाला तर लोक सामायिक डिरेक्टरीत ‘टू टॉम’ अशा नावाची फाइल ठेवून जात. टॉमचे तिकडे लक्ष गेले तर निरोप पोचला. १९६५ मध्ये टॉम व्हॅन व्हलेक आणि नोएल मॉरिस यांनी या कामासाठी ‘मेल’ ही आज्ञा लिहिली. आता निरोप थेट त्या माणसाच्या ‘मेल बॉक्स’ नावाच्या फाइलमध्ये जाऊन पडू लागला. फाइल मोठ्या संगणकात असे, आणि टर्मिनलला स्वतःची स्मरणशक्ती नव्हतीच. त्यामुळे कोणत्या खोलीतून, किंवा फोनच्या तारेवरून कोणत्या गावातून लॉगिन केले, याने काहीच फरक पडत नव्हता. एक खाते अनेक ठिकाणांहून उघडणे ही तेव्हा सोय मानली जात नव्हती, कारण दुसरा मार्गच अस्तित्वात नव्हता.

१९७१ मध्ये बीबीएन या कंपनीतील रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र धाडण्याची सोय केली आणि पत्त्यात ‘ॲट’चे चिन्ह आणले. पत्राचा प्रवास त्यामुळे लांबला, पण मुक्काम बदलला नाही. पत्र अखेर कुठल्यातरी मोठ्या, सदैव चालू असणाऱ्या संगणकातल्या फाइलमध्येच उतरत होते. ऑगस्ट १९८२ मध्ये पत्र पोचवण्याचे नियम एसएमटीपी या नावाने पक्के झाले. ते नियमही पत्र स्वीकारणारा संगणक बहुतेक वेळ जागा असतो असे धरूनच लिहिलेले होते.

हे गृहीत मोडले ते टेबलावरच्या छोट्या संगणकाने. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला आणि काही वर्षांतच कार्यालये, प्रयोगशाळा आणि विद्यापीठांचे विभाग अशा यंत्रांनी भरून गेले. पीसीला स्वतःची डिस्क होती, स्वतःचा पडदा होता. पण संध्याकाळी काम संपले की तो बंद होई. बंद संगणकावर पत्र उतरवणार कसे? साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमधील जॉइस रेनॉल्ड्स यांनी ऑक्टोबर १९८४ मध्ये यावर एक छोटा मसुदा प्रसिद्ध केला. त्याचे नाव पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, म्हणजेच पॉप. पत्रे आधीप्रमाणे मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर यावीत, आणि पीसीने सवडीने येऊन ती उचलून न्यावीत, एवढीच त्यामागची कल्पना. नोव्हेंबर १९८८ मध्ये मार्शल रोझ यांनी तिसरी आवृत्ती लिहिली. पुढची अनेक वर्षे जगभरच्या पीसींवर जी चालली ती हीच पॉप-थ्री.

पॉपची आज्ञावली दहा-बारा शब्दांची. नाव सांगा, पासवर्ड सांगा, यादी मागा, पत्र उचला, मूळ प्रत पुसा, निरोप घ्या. पुसण्याची आज्ञा दिली तरी प्रत्यक्ष पुसणे होई ते निरोप घेतल्यावर. मध्येच फोन तुटला तर पत्र हरवू नये म्हणून ही खबरदारी घेतलेली होती. ही योजना विचारपूर्वक केलेली होती आणि तिने पीसीवाल्यांचे भले केले यात शंका नाही. इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये लिहिलेला युडोरा हा कार्यक्रम याच पायावर उभा राहिला आणि लाखो लोकांचा पहिला मेल-कार्यक्रम ठरला. पण या सगळ्यामागे एक न बोललेली अट होती: एका माणसाचा संगणक एकच असणार.

ती अट न पाळणाऱ्या कार्यालयाची स्थिती अशी होई. सकाळी दहाला पहिल्या टेबलावर मेल उघडला, रात्रीतून आलेली सगळी पत्रे त्या पीसीवर उतरली आणि सर्व्हरवरची पेटी रिकामी झाली. सव्वादहाला दुसऱ्या टेबलावरच्याने तीच पेटी उघडली, तर त्याला काहीच दिसत नाही. दोघांनी एकाच क्षणी उघडली तर दुसऱ्याला आतच घेतले जात नसे, कारण पॉपच्या नियमांनुसार एका वेळी एकालाच पेटीचा ताबा मिळतो. पेटीला कुलूप आहे, असा त्रुटीचा संदेश तेवढा पडद्यावर येई. पत्र कोणत्या टेबलावर गेले हे शोधायचे तर खोलीभर विचारत फिरावे लागे.

यावर उपाय म्हणून मेल-कार्यक्रमांत ‘प्रत सर्व्हरवर राहू द्या’ अशी एक चौकट आली. ती चौकट निवडली की पत्र सर्व टेबलांवर पोचे खरे, पण नवी अडचण उभी राही. आपण कोणती पत्रे आधीच नेली आहेत हे प्रत्येक पीसीने स्वतःच लक्षात ठेवायचे. सर्व्हर पत्रांना एक, दोन, तीन असे क्रमांक देई, आणि मधले एखादे पुसले गेले की पुढच्या भेटीत सगळे क्रमांक सरकत. १९९४ मध्ये पॉप-थ्रीच्या सुधारित मसुद्यात प्रत्येक पत्राला कायमची ओळख देणारी यूआयडीएल ही आज्ञा आली, तेव्हा कुठे तीच तीच पत्रे पुन्हा उतरणे थांबले. तरीही ‘वाचले’ची खूण ज्या त्या पीसीवरच राहिली. तीन टेबलांवर तेच पत्र ठळक अक्षरांत नवे म्हणून दिसे आणि एकाच ग्राहकाला दोन उत्तरे जात. ती उत्तरेही पाठवणाऱ्याच्याच डिस्कवर राहत, इतरांना त्यांचा पत्ता नसे. शिवाय सर्व्हरवरची जागा भरत जाई. पॉपच्या १९९६च्या अधिकृत मसुद्यात या साठवणीच्या भाराबद्दल सर्व्हर चालवणाऱ्यांना स्पष्ट इशारा दिलेला आहे.

दुखणे ओळखणारे लोक त्याआधीच कामाला लागले होते. १९८६ मध्ये एमआयटीतील डेव्हिड क्लार्क आणि मार्क लँबर्ट यांनी पीसीमेल नावाची प्रणाली मांडली. एका माणसाकडे अनेक संगणक असतील, आणि त्यांतले काही बराच काळ जाळ्याबाहेर असतील, हे तिने उघडपणे मान्य केले. पत्रांचा मूळ साठा मध्यवर्ती कोठारात राही आणि हे कोठार प्रत्येक संगणकासाठी बदलांची वेगळी यादी ठेवी: हे पत्र वाचले गेले, ते पुसले गेले. तो संगणक पुन्हा जोडला गेला की त्याला फक्त त्याच्या गैरहजेरीत झालेले बदल सांगितले जात. आज फोन आणि संगणक यांचा मेळ घालणारी यंत्रणा ज्या तत्त्वावर चालते, ते तत्त्व इथे पूर्णपणे मांडलेले आहे. पीसीमेल एमआयटीबाहेर फारशी पसरली नाही आणि इतिहासात तिचा उल्लेखही क्वचित होतो. तिच्या वाट्याला याहून जास्त श्रेय यायला हवे होते.

पसरली ती दुसरी योजना. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅप या प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती तयार केली. लिस्प भाषेवर चालणाऱ्या झेरॉक्सच्या संगणकांवरून मोठ्या संगणकातला मेल वाचण्याची ती सोय होती. जुलै १९८८ मध्ये आयमॅपची दुसरी आवृत्ती मसुद्याच्या रूपाने प्रसिद्ध झाली. पुढे क्रिस्पिन सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेले आणि डिसेंबर १९९४ मध्ये चौथी आवृत्ती आली. क्रिस्पिन २०१२ मध्ये वारले; आयुष्यातली पंचवीसएक वर्षे त्यांनी या एका प्रोटोकॉलमागे घालवली.

आयमॅपने पत्र जागचे हलवलेच नाही. पत्रे सर्व्हरवर, कप्पे सर्व्हरवर. टेबलावरचा संगणक शीर्षकांची यादी मागतो, लागेल तेवढे पत्र मागतो आणि जोडलेली मोठी फाइल नको असेल तर ती सोडून देतो. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे प्रत्येक पत्राला चिकटलेल्या खुणा. पाहिले, उत्तर दिले, महत्त्वाचे, पुसायचे. चौथ्या आवृत्तीत कच्च्या मसुद्याची खूणही आली. या खुणा पत्राबरोबर सर्व्हरवरच राहतात, म्हणून एका टेबलावर उघडलेले पत्र दुसऱ्या टेबलावर ठळक अक्षरांत उरत नाही. वाक्यात सांगायला ही गोष्ट किरकोळ वाटते, पण कार्यालयाच्या रोजच्या कामात तिच्याएवढा फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही. जून १९९७ मध्ये ‘आयडल’ ही जोड मिळाली. नवे पत्र आले का, हे दर काही मिनिटांनी विचारण्याऐवजी संगणक जोडणी उघडी ठेवून थांबू लागला आणि पत्र येताच सर्व्हर त्याला कळवू लागला.

नियम झाले तरी सर्व्हरच्या आतली साठवण त्यांना साथ देईलच असे नव्हते. युनिक्सच्या जुन्या पद्धतीत सगळी पत्रे एकाखाली एक जोडून एकाच लांबलचक फाइलमध्ये ठेवत. दोन संगणक ती फाइल एकदम बदलू लागले तर पत्रांची वाट लागण्याची भीती. म्हणून वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आयमॅप सर्व्हरवर अशी पेटी दुसऱ्या टेबलावरून उघडली की पहिल्या टेबलाकडचा बदल करण्याचा हक्क जाई. तिथल्याला आता फक्त वाचता येई. डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या मेल-सर्व्हरबरोबर आणलेल्या मेलडिर या पद्धतीने ही कोंडी फोडली. तीत प्रत्येक पत्राची वेगळी फाइल असते आणि त्याच्या खुणा फाइलच्या नावाच्या शेवटीच लिहिल्या जातात. ‘एस’ म्हणजे पाहिलेले, ‘आर’ म्हणजे उत्तर दिलेले. खूण बदलायची तर फाइलचे नाव बदलायचे. कुलपाची गरजच उरत नाही. इतकी साधी आणि नेटकी युक्ती संगणकाच्या इतिहासात फार थोड्या वेळा दिसते.

भारतात ही कहाणी काहीशी उलट क्रमाने घडली. इथला सुरुवातीचा ई-मेल मुंबईतला. जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईच्या आयआयटी यांच्यामध्ये १९८६-८७च्या सुमारास टेलिफोनच्या तारेवरून मेलची देवाणघेवाण सुरू झाली. एर्नेट या शैक्षणिक जाळ्याचा परदेशी दुवाही जुहूच्या याच संस्थेतून गेला. १९८९ मध्ये तिथून अमेरिकेतील यूयूनेटपर्यंत सेकंदाला ९,६०० बिट वाहून नेणारी तार जोडली गेली. आज साध्या फोनवरच्या एका छायाचित्रालाही या वेगाने तासाहून अधिक वेळ लागू शकेल. या कामात मोठा वाटा असलेले संस्थेचे संचालक श्रीनिवासन रमणी यांची पुढे इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली.

सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या महानगरांत. निगमाच्या खात्यांतले स्वस्त खाते ‘शेल’ प्रकारचे होते. मोडेम किरकिरत जोडला गेला की काळ्या पडद्यावर निगमाच्या संगणकाची पाटी येई आणि मेल वाचायला तिथलाच ‘पाइन’ हा कार्यक्रम वापरायचा. पाइन वॉशिंग्टन विद्यापीठाचा, क्रिस्पिन जिथे काम करत होते तिथलाच. शेल खातेदाराचा संगणक म्हणजे पुन्हा एकदा नुसते टर्मिनल होते, आणि पत्रे निगमाच्या यंत्रातच राहत. तेव्हा घरून फोन लावा, कार्यालयातून लावा की मित्राकडून लावा, पेटी तीच आणि खुणाही त्याच. ज्यांनी जास्त पैसे भरून ग्राफिक खाते घेतले, त्यांना युडोरासारखे देखणे कार्यक्रम वापरता आले, पण त्यांची पत्रे पॉपने एका पीसीवर उतरू लागली. तासांचा हिशेब आणि वर फोनचे बिल असल्यामुळे पत्रे भराभर उतरवून जोडणी तोडणे आणि मग निवांत वाचणे हेच शहाणपणाचे होते. पॉप इथे इतका टिकला त्याचे मुख्य कारण हे बिल होय. ज्या छोट्या कार्यालयात मोडेम एकाच संगणकाला असे, तिथे उरलेल्या टेबलांपर्यंत ई-मेल पोचे तो छापील कागदाच्या रूपात.

ब्राउझरवर चालणाऱ्या मेलचा जन्म तर कार्यालयातल्या अडचणीतूनच झाला. बालपणी काही काळ पुण्यात शिकलेले सबीर भाटिया आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ यांना कॅलिफोर्नियातल्या नोकरीच्या जागेवरून एकमेकांशी खासगी पत्रव्यवहार करायचा होता. कंपनीच्या जाळ्याभोवतीच्या सुरक्षा-भिंतीमुळे त्यांना बाहेरच्या मेल खात्यांपर्यंत पोचता येत नव्हते. ब्राउझर मात्र चालत होता. मग मेलच वेब-पानावर दाखवला तर? ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू झाले आणि दीड वर्षाच्या आत मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. मिळणारी जागा होती जेमतेम २ मेगाबाइट. पण जगातल्या कोणत्याही संगणकावरून तेच खाते आणि त्याच खुणा दिसत. भारतात हॉटमेल, याहू आणि मुंबईचे रेडिफमेल यांच्या जोरावर सायबर कॅफे चालले. कित्येक छोट्या व्यावसायिकांनी तर दुकानाच्या पाटीवर आणि लेटरहेडवर असाच फुकटचा पत्ता छापून घेतला.

मोठ्या कंपन्यांनी वेगळी वाट धरली. १९८९ मध्ये आलेल्या लोटस नोट्समध्ये प्रत्येक ठिकाणी पूर्ण प्रत ठेवून प्रतींचा परस्परांशी मेळ घालत. दोघांनी एकच नोंद बदलली तर नोट्स कोणाचेही काम न पुसता दुसरी नोंद ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हणून बाजूला ठेवी आणि निवाडा माणसावर सोपवी. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज सर्व्हर आला. पत्रे, दिनदर्शिका आणि पत्ते सर्व्हरवर. शिवाय साहेबाची पेटी सहायकाला उघडू देण्याची आणि ‘अमुक यांच्या वतीने’ उत्तर पाठवण्याची सोय. पासवर्ड न देता पेटी वाटून घेण्याचा हा प्रकार व्यवहारात रुजला तो इथून.

पाठवलेल्या पत्रांचा गोंधळ मात्र बराच रेंगाळला. पत्र धाडणारा एसएमटीपी वेगळा आणि पेटी सांभाळणारा आयमॅप वेगळा. त्यामुळे मेल-कार्यक्रम आधी पत्र पाठवतो आणि मग त्याची प्रत सर्व्हरवरच्या कप्प्यात स्वतंत्रपणे टाकतो. कप्प्याचे नाव काय असावे यावर एकमत नव्हते. एका कार्यक्रमाने ‘सेंट’ म्हटले, दुसऱ्याने ‘सेंट आयटम्स’, तिसऱ्याने ‘सेंट मेसेजेस’. एकाच खात्यात तीन कप्पे तयार होत आणि कालचे उत्तर शोधताना तिन्ही चाळावे लागत. मार्च २०११ मध्ये एका जोड-नियमाने सर्व्हरला ‘पाठवलेल्या पत्रांचा कप्पा हा’ असे कार्यक्रमांना सांगण्याची सोय दिली. जुन्या खात्यांत ते तीन कप्पे अजूनही शेजारी शेजारी आढळतात.

तोवर जागेची चणचणही संपली होती. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल १ गिगाबाइट जागा घेऊन आले, तेव्हा पत्रे सर्व्हरवरून उतरवून पुसण्याचे आर्थिक कारणच नाहीसे झाले. ऑक्टोबर २००७ मध्ये जीमेलने आयमॅप दिला. आयफोनही त्याच वर्षीचा, आणि टेबलांवरच्या संगणकांच्या जोडीला खिशातला संगणक आला.

एक अडचण मात्र उरली. पासवर्ड चौघांत वाटून घेतला की खाते चालते, पण त्या चौघांत भेद करता येत नाही. उत्तर कोणी दिले, पत्र कोणी पुसले, हे सर्व्हरला सांगता येत नाही, कारण त्याच्या लेखी चौघेही एकच माणूस आहेत. जानेवारी १९९७ मध्ये आयमॅपला हक्कांची यादी जोडली गेली आणि प्रत्येकाने आपल्या नावाने आत येऊन सामायिक पेटी उघडणे शक्य झाले. हक्कांना एकेक अक्षर आहे: एकाने फक्त पाहता येते, दुसऱ्याने वाचता येते, तिसऱ्याने पुसता येते. ‘एस’ हे अक्षर ‘पाहिले’ची खूण टिकवण्याच्या हक्काचे. त्याला वेगळे अक्षर द्यावे लागले यातच प्रश्नाची खोली दिसते. सामायिक पेटीतले पत्र एकाने वाचले, तर ते सगळ्यांसाठी वाचलेले धरायचे का? कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सायरस सर्व्हरने ही खूण ज्याची त्याची वेगळी ठेवली. एक्स्चेंजच्या सामायिक पेटीत ती सर्वांची एकच असते. सूचनांच्या पेटीला पहिली रीत योग्य, कारण सूचना प्रत्येकाने वाचायची असते. तक्रारींच्या पेटीला दुसरी बरी. तिथे एकाने हाती घेतलेली तक्रार दुसऱ्याने पुन्हा उघडण्याचे कारण नाही.

भारतात सरकारी कामकाजाने हा भेद पत्त्यातच आणला. २०१५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्र सरकारच्या ई-मेल धोरणात अधिकाऱ्यासाठी दोन पत्ते सुचवले होते, एक नावाचा आणि एक पदनामाचा. बदली झाली की नावाचा पत्ता माणसाबरोबर जातो आणि पदनामाचा पत्ता, आतल्या पत्रव्यवहारासह, खुर्चीवर येणाऱ्या पुढच्या अधिकाऱ्याकडे सोपवला जातो.

पासवर्ड वाटून घेण्याची सवय अखेर सेवा देणाऱ्यांनीच अवघड केली. नुसत्या नाव-पासवर्डावर बाहेरच्या मेल-कार्यक्रमांना आत घेणे गूगलने मे २०२२च्या अखेरीपासून बहुतेक खात्यांसाठी बंद केले. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या ऑनलाइन एक्स्चेंजवर तेच केले. आता प्रत्येक संगणकाला आपली वेगळी परवानगी घ्यावी लागते आणि ती एकेकट्याची रद्द करता येते. लॉगिनच्या दुसऱ्या टप्प्याचा संकेतांक एकाच फोनवर येत असेल, तर चौथ्या टेबलावरच्याला तो फोन बाळगणाऱ्याला हाक मारावी लागते. तेवढ्यासाठी का होईना, कार्यालये रीतसर सामायिक पेट्यांकडे वळली.

एक खूण आयमॅपच्या मूळ खुणांत कधीच नव्हती: ‘हे पत्र सध्या कोणाकडे आहे’. महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांची आवक बारनिशी हे काम कागदावर पूर्वापार करत आली आहे. आलेल्या प्रत्येक पत्राला आवक क्रमांक मिळतो, तारीख पडते आणि ते कोणत्या टेबलाकडे गेले त्याची नोंद होते. ई-मेलमध्ये हे काम तिकीट-प्रणालींनी उचलले. १९९६ मध्ये जेसी व्हिन्सेंट यांनी लिहिलेला रिक्वेस्ट ट्रॅकर हा त्यांतला जुना आणि मुक्त स्रोताचा कार्यक्रम. सामायिक पत्त्यावर पत्र आले की तो त्याला क्रमांक देतो, विषयाच्या ओळीत तो क्रमांक चौकटी कंसात घालतो आणि पत्र एका नावावर लावतो. ग्राहकाचे पुढचे उत्तर कोणत्याही टेबलावर उघडले तरी कंसातल्या क्रमांकावरून ते आपल्या जुन्या पत्रव्यवहारालाच जाऊन जोडले जाते.